पुस्तकातली प्रार्थना राहू दे

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण पोरांची एक तक्रार आता नेहमीचीच झालीय, की दर रविवारी तेच प्रार्थनेचं पुस्तक, त्याच प्रार्थना, पाळकसाहेबांनी म्हणजे पाद्रींनी एक वाक्य म्हणायचं आणि आपण ठरलेलं उत्तर द्यायचं, यात मनापासून असं काय उरतं? नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे त्या नव्या स्वतंत्र प्रार्थनामंडळात बघा, ड्रम आहे, कीबोर्ड आहे, पाळक डोळे मिटून स्वतःच्या शब्दात प्रार्थना करतो, तिथं कसं जिवंत वाटतं. मी त्यांचा राग करत नाही, देवाला शोधायलाच जातायत ना ती. पण माझं मत याच्या पूर्ण उलट आहे आणि चर्चच्या दारात उभ्या उभ्या ते नीट सांगून होत नाही, म्हणून इथं लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. आपल्या सातारा जिल्ह्यात वर डोंगरावर, म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीला, साहेब लोकांची अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाची, चर्चेस होती, इंग्रजी उपासना, सगळं छापील पुस्तकातून. पाचगणी ज्यानं वसवली त्या जॉन चेसनची कबर आजही तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. आणि खाली साताऱ्यात काम होतं अमेरिकन मराठी मिशनचं, ती माणसं काँग्रिगेशनल, त्यांच्यात बिशप नाही आणि ठरलेल्या प्रार्थनेचं बंधनही नाही. आमचं घराणं या दुसऱ्या बाजूचं. पुढं २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र आली, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनलचं आधीच एक झालेलं चर्च, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे आपलं सीएनआय झालं. अँग्लिकन लोकांनी या संसारात बिशप आणले आणि प्रार्थनेचं पुस्तक आणलं. म्हणजे मी ज्या पुस्तकाची बाजू घेतेय ते माझ्या पणजीच्या घरातलं नव्हे, पण मला ते आपलं वाटतं, आणि का वाटतं तेच सांगायचंय.

इंग्लंडमध्ये १५४९ साली आर्चबिशप क्रॅनमरनं ते पुस्तक पहिल्यांदा आणलं. त्याआधी उपासना लॅटिनमध्ये असायची, साध्या माणसाला त्यातलं काही कळायचं नाही, तो आपला बघत उभा. या पुस्तकानं त्याच्याच बोलीत त्याच्या वाट्याची वाक्यं त्याच्या हातात दिली. पाळकाचं एक, मंडळीचं एक. आज तरुण मुलं ज्याला वाचन म्हणतात ना, ती खरं म्हणजे सामान्य माणसाला मिळालेली बोलायची जागा आहे. नुसतं एकट्या पाळकानं आपल्या मनानं तासभर प्रार्थना केली तर ती कितीही सुंदर असो, मी परत ऐकणारीच झाले की.

आमच्याकडं एक मावशी आहेत, पुढून तिसऱ्या बाकावर बसतात. लिहिता-वाचता येत नाही. पुस्तक हातात घेतात, कधी उलटं असतं कधी सुलटं, पण पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, सुरू झाला की त्यांचा आवाज सगळ्यात आधी लागतो, जे करायला पाहिजे होतं ते आम्ही केलं नाही, जे करायला नको होतं ते केलं, सगळं तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडं होत नाही. आणि त्यांच्या शेजारी कॉलेजचे प्राध्यापक, तेही तेच वाक्य म्हणतायत, त्याच दमात. मग प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, दोघं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात आणि मावशींना उठताना गुडघ्याचा त्रास होतो म्हणून सर त्यांच्या कोपराला धरून उठवतात. मला सांगा, जिथं ज्याची वाणी चांगली त्याचीच प्रार्थना मोठी, तिथं मावशींनी काय करायचं?

माऊलींची पालखी लोणंद, फलटणवरनं जाते तेव्हा बघा, वारकरी रोज तोच हरिपाठ म्हणतात, त्याला कुणी रटाळ म्हणत नाही. आपल्या पुस्तकाचंही मला तसंच वाटतं.

माझे वडील गेले तेव्हा मला हे जास्त कळलं. कब्रस्तानात मी उभी होते आणि डोक्यात एक शब्द नव्हता, कुणी मला प्रार्थना कर म्हटलं असतं तर माझ्यानं झालीच नसती. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ" म्हणाले, माझ्या आजोबांनाही हेच म्हणून माती दिली होती, आणि पुनरुत्थानाच्या आशेचं वाक्य आलं तेव्हा सगळी मंडळी माझ्या वतीनं आमेन म्हणाली. माझा विश्वास त्या दिवशी माझ्याच्यानं उचलत नव्हता, तो त्यांनी उचलला.

तसंच १२ एप्रिल २०२० चं. लॉकडाऊनमधला ईस्टर, चर्चला कुलूप. पण प्रार्थनेचा क्रम सगळ्यांना माहीत, त्या दिवसाचे बायबलमधले पाठ चर्चच्या पंचांगात आधीच ठरलेले, मग काय, सकाळी ठरलेल्या वेळी ज्यानं त्यानं आपापल्या घरात तीच उपासना म्हटली, गोडोलीत, शाहूपुरीत, पुण्याला अडकलेल्या पोरांनी खोलीवर. आपण वेगवेगळे आहोत असं वाटलं नाही, खरंच नाही.

आणि हे वर्षाचं चक्रही मला फार आवडतं. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, वेदीवर जांभळं कापड, नाताळला पांढरं, लेंटमध्ये म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात परत जांभळं, पेंटेकॉस्टला म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला लाल आणि मग लांबलचक हिरवा काळ. लहान मुलांना वाचता यायच्या आधी रंग कळतात.

आता कुणी म्हणेल की हे सगळं विलायती झालं, आपलं काय त्यात. तर आपलं आहे आणि ते साताऱ्याचंच आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून मोकळे झाले आणि साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार उभा केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, जेमतेम दोन वर्षं मिळाली त्या कामाला. पण त्यांचे अभंग, भजनं आज 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत, टाळ-पेटीवर म्हणायची, आणि इंग्रजी चालीची गीतंही त्याच पुस्तकात आहेत. क्रॅनमरची प्रार्थना आणि टिळकांचा अभंग एकाच सकाळी एकाच बाकावर बसून म्हणायला मिळतो, आणखी काय पाहिजे?

हंगामाच्या सणाला तर चर्चची मंडईच होते. वेदीपुढं ज्वारीची कणसं, उसाची मोळी, कोरेगावकडचा घेवडा, आल्याच्या गड्ड्या, भुईमूग, कुणी अंडी आणतं, कुणी पाय बांधलेली कोंबडी आणतं आणि ती नेमकी उपदेशाच्या वेळी ओरडते. उपकारस्तुतीची उपासना पुस्तकातूनच होते, शांतपणे, आणि मग बाहेर मांडवात लिलाव. मागं एक भोपळा निघाला, बोली लागली, एकदा, दोनदा, तीनदा, घेणाऱ्यानं पैसे भरले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, परत लिलाव करा म्हणाला. पुढच्यानंही तेच केलं. शेवटी एका रिक्षावाल्या भावानं घेतला आणि तो मात्र घरी नेला, कारण घरी त्याची बायको भोपळ्याची वाट बघत होती, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पैशातून कुणाच्या पोराची फी भरली जाते, कुणाचं औषध येतं. नाताळला करंज्या-चकल्यांचे डबे गल्लीत सगळ्यांकडं जातात, दिवाळीला त्यांचे आपल्याकडं येतात, ते वेगळंच.

तरुण पोरांचं एक म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं. आपण पुस्तक कधी कधी फार घाईत वाचतो, उत्तरं पुटपुटतो, आणि अभंग मागं पडत चाललेत, पेटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते. म्हणून येत्या आगमनकाळापासून मी पास्टोरेट कमिटीकडं, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीकडं, दोन गोष्टी मागणार आहे. मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थना दर रविवारी तरुण संघातल्या एकानं चालवायच्या, आजाऱ्यांची नावं आदल्या दिवशी घरोघर फोन करून त्यानंच गोळा करायची. आणि उपदेशाआधी टिळकांचा एक अभंग, पेटी, टाळ, ढोलकीवर, ड्रमवाल्या पोरांनाच ढोलकीवर बसवायचं. दोघं जण तयार झालेत, तिसऱ्याच्या आईशी बोलणं चालू आहे.