नारळी काठाचे मिटन्स: स्वतः डिझाइन करून विणण्याचा माझा अनुभव

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला राहायला आल्यापासून बसमध्ये, दुकानात, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या हातात, सगळीकडे एकच नक्षी दिसायची. काळ्या-पांढऱ्या लोकरीचे मिटन्स, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असे हातमोजे, आणि हाताच्या पाठीवर आठ पाकळ्यांचं फूल. हे मूळचे इथून साधारण तासाभरावरच्या सेल्बूचे. १८५७ साली मारित एम्स्टाड नावाच्या १६ वर्षांच्या मुलीने दोन रंगांत ही नक्षी विणली असं तिथे सांगतात आणि त्यातून पुढे अख्ख्या गावाला रोजगार मिळाला. तिथे लग्नात पाहुण्यांना मिटन्स द्यायची पद्धत होती. सेल्बूच्या मानचिन्हावरसुद्धा हीच तीन फुलं आहेत! तिथल्या म्युझियममध्ये जुने जोड बघितले, काहींवर विणणारीने नाव आणि साल घातलेलं, आणि तेव्हाच ठरलं की मला तयार पॅटर्न नकोय, माझ्या जोडावर फूल त्यांचं असेल पण मनगटावर आईच्या पैठणीचा नारळी काठ हवा.

विणकाम मला येतं, आईने शाळेत असतानाच शिकवलेलं, सुलट-उलट, बाळाचे स्वेटर, माकडटोप्या. पण एका ओळीत दोन रंग कधी केले नव्हते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, मागे एवढे धागे लोंबणार, बोटं अडकतील त्यात." अगदी बरोबर बोलली ती, कारण सगळं डिझाइन शेवटी त्या मागच्या धाग्यांवरच ठरतं. जो रंग पुढे दिसत नसतो तो मागून आडवा जात असतो (म्हणूनच हे मिटन्स एवढे उबदार होतात, लोकरीचा दुहेरी थर बसतो) आणि तो पाच टाक्यांहून जास्त मोकळा राहिला की अंगठी, नखं त्यात अडकतात.

नारळी काठ मी आधी चौकटीच्या वहीत मोठा काढला होता, खाली ९ टाके, मग ७, ५, ३ आणि टोकाला १. दिसायला झकास, पण खालच्या ओळीत मागचा धागा ९ टाके लटकतो. मग त्रिकोण लहान केला, ५, ३, १, मध्ये एक टाका मोकळा, म्हणजे दर ६ टाक्यांनी पुन्हा तेच. लहान झाल्यावर तो उलट जास्त काठासारखा दिसायला लागला, कारण पैठणीवरही ती टोकं बारीक आणि दाटच असतात.

आता हिशोब, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला. लोकर घेतली राउमा कंपनीची फिनुल, ५० ग्रॅमच्या गुंडीत १७५ मीटर, सुया अडीच मिलिमीटरच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या पाच, आपल्याकडे मोज्यांना वापरतात तशा. नमुन्याचा तुकडा गोलच विणला, कारण सपाट विणताना उलटी ओळ येते आणि हात वेगळा पडतो. १० सेंटीमीटरला ३० टाके आणि ३२ ओळी बसल्या. एका रंगात विणलं तर टाका चांगलाच आडवा असतो, दोन रंगांत तो जवळजवळ चौरस होतो, म्हणून साध्या चौकटीच्या वहीत काढलेलं फूल फारसं चपटं होत नाही. माझ्या हाताचा घेर १९ सेंटीमीटर, थोडं सैल धरून २०, म्हणजे ६० टाके. हाताच्या पाठीला २५, तळव्याला २५ आणि दोन्ही कडांना ५-५ ची पट्टी. फुलाला मधला एक टाका लागतो म्हणून २५ विषम हवेच होते, ६० ला ६ ने भाग जातो म्हणून नारळी काठाची १० टोकं पूर्ण बसली, आणि शेंड्याला दर फेरीत ४ टाके कमी केले की १२ फेऱ्यांत बरोबर १२ टाके उरतात, त्यातून धागा ओवून ओढायचा की झालं. हे सगळं कागदावर जुळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी रात्री आईला परत फोन लावला.

रंगांचं मात्र वेगळंच. मला राणी आणि बॉटल ग्रीन हवे होते, खरी पैठणी. दोन्ही गुंड्या शेजारी ठेवून फोटो काढला आणि ब्लॅक अँड व्हाइट केला तर दोन्ही एकाच करड्या रंगाच्या! म्हणजे लांबून फूल दिसलंच नसतं. हिरवा बाजूला ठेवला आणि राणीबरोबर मळकट पांढरा घेतला.

विणताना राणी डाव्या हातात आणि पांढरा उजव्या. उजव्या हाताने धागा टाकायची आईकडून सवय होतीच, डाव्या हाताचं शेजारच्या नॉर्वेजियन आजींनी शिकवलं, त्या सगळंच विणकाम धागा डाव्या हातात धरून करतात. आणि एक गोष्ट त्यांनी फार मोलाची सांगितली, नक्षीचा रंग मागे कायम खालून न्यायचा, पार्श्वभूमीचा वरून. नमुन्यात मी मुद्दाम अर्ध्यावर अदलाबदल करून बघितली. वरच्या अर्ध्या फुलाच्या पाकळ्या आत दबल्यासारख्या, बारीक, आणि खालच्या टपोऱ्या, लोकर तीच, हात तोच. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके जरा पसरून घ्यायचे, नाहीतर मागचा धागा ओढला जाऊन कापड गोळा होतं, विशेषतः एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे.

अंगठ्यासाठी तळव्याच्या बाजूने टाके वाढवत पाचर काढायची, मग ते दुसऱ्या धाग्यावर ठेवून पुढे जायचं. डाव्या हाताला ती उजव्याच्या आरशासारखी उलट येते, एवढं कागदावर आधीच काढून ठेवलं की पुढे काही त्रास नाही.

सेल्बूसारखं नाव-साल पण घातलं. एका तळव्यावर साल, देवनागरी आकड्यांत, दुसऱ्यावर 'म'. शिरोरेषा म्हणजे सलग ७ टाके राणी, तिथे मागचा पांढरा धागा मधोमध एकदा गुंतवून घेतला. २ ची गोलाई पाच चौकटींत बसवायला सगळ्यात जास्त खोडाखोड झाली, पण आता लांबूनही २ च वाचता येतो.

कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवले. टाके एकदम सरळ झाले, फूल मोकळं झालं.

आई डिसेंबरात इकडे येतेय, तिच्या हाताचं माप मागवलंय. तिचा हात लहान, म्हणजे ५४ टाके, ५४ ला ६ ने भाग जातो तेव्हा काठ जसाच्या तसा, पाठीला आणि तळव्याला २३-२३, कडांना ४-४, फक्त फुलाच्या पाकळ्या एकेक टाका आत घेऊन परत काढायच्या आहेत. आणि यावेळी तिने सांगितलंय, हिरवा पाहिजेच, तर पांढऱ्यावर बॉटल ग्रीन.