जपानी भाषेत आदर जास्त असतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्यात जपानी दुभाषी म्हणून काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी येतो: "आपल्यापेक्षा त्यांच्या भाषेत आदर जास्त असतो ना हो?" मला तसं वाटत नाही. तो कुणाला द्यायचा, हे ठरवायची रीत मात्र वेगळी आहे.

मराठीत मान माणसाबरोबर चालतो. "साहेब आलेत" हे आपण शिपायाला सांगतो तसंच ग्राहकालाही. जपानीत ऐकणारा कोण, हे आधी पाहायचं. ऑफिसात आपसांत बोलताना साहेब 'इराश्शाइमास', म्हणजे मानाने 'आहेत'. बाहेरच्या कंपनीचा फोन आला की तेच साहेब 'ओरिमास' होतात. 'आहेत'च, पण लहानपण घेऊन. नावाला जोडायचं आदराचं 'सान'ही जातं. अगदी अध्यक्ष असले तरी नुसतं आडनाव. घरचंही तसंच. दुसऱ्याचे वडील 'ओतोसान', त्याच्याशी बोलताना आपले 'चिची'. आपली बाजू खाली घेतली की समोरच्याला मान मिळतो.

हे जपान्यांनाही सोपं जात नाही. २००७ साली तिथल्या सरकारी सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शाळेत शिकवतात त्या तीन प्रकारांचे पाच केले.

बैठकीत खरी कसोटी लागते. चाकणच्या कारखान्यातले मॅनेजर म्हणतात, "आमचे एमडी साहेब उद्या भेटतील." जपानीत सांगताना मी त्या साहेबांचं 'साहेब' काढून टाकते. थोडंफार जपानी शिकलेल्या एखाद्याला ते टोचतं, आणि मला त्याचं टोचणं कळतं; आपल्या कानांना तो अपमानच वाटतो. उलट, पाहुण्यांनी आपल्या अध्यक्षांचं नुसतं आडनाव घेतलं, तरी मराठीत मी 'साहेब' लावते, क्रियापद अनेकवचनी करते. तसं केलं नाही, तर हा माणूस आपल्याच वरिष्ठांना मोजत नाही, असं ऐकणाऱ्याला वाटेल. माझ्या मते हेच इमानदार भाषांतर.

आणि सगळा पूर्व आशिया एका मापाने मोजू नका. कोरियन माणूस आपल्या वरिष्ठांबद्दल बाहेरच्यांसमोरही आदरार्थीच बोलतो. त्या बाबतीत तो आपल्याला जवळचा.

म्हणून नवीन शिकणाऱ्यांना मी क्रियापदांचे तक्ते नंतर देते. आधी विचारते: फोनवर कोण आहे, घरचं की बाहेरचं?