घासलेला 'के'

दुकानदाराने लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला, बिजागरी दोनदा करकरवली आणि म्हणाला, "दोन हजार. बॅटरी गेलीय, विंडोज ११ यावर चढणार नाही. आणि हा कीबोर्ड बघा, अक्षरंच उडालीत." २०१३ साली अडतीस हजार मोजले होते. मी निमूटपणे तो परत पिशवीत घातला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी यंदा अकरावीला गेलीय, एमएस-सीआयटीचा क्लासही लावलाय. म्हटलं, तिलाच देऊ.

देऊ म्हणणं सोपं. मी फाइली निवडल्या, डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामी केली आणि हात झटकले. भाचा हसला. "मावशी, तू फक्त दारावरची पाटी काढलीस. भाडेकरू आत तसाच आहे." डिलीट केल्यावर फाइलची नोंद तेवढी पुसली जाते, मजकूर डिस्कवर पडून असतो, आणि त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस तो उकरून काढू शकतो. म्हणून अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहायची, मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टिम टाकायची, असा त्याचा बेत. विंडोज १० ची फुकट अपडेटं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, तेव्हा तसंही तेच बरं.

त्याआधी ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड पाहिले. लाइटबिल, रेल्वेची तिकिटं, आणि एका वधूवर सूचक मंडळाचं खातं! लग्नाला अकरा वर्षं झाली, मी तिथे अजून 'अनुरूप स्थळाच्या शोधात' होते. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "राहू दे की, असावं हाताशी."

मग 'बाबा' नावाचा फोल्डर. शेवटची काही वर्षं हा लॅपटॉप त्यांच्याकडेच होता. फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, नव्या मशीनवर उघडल्या, तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. व्हायरस असेल असं वाटलं. पण एका शीर्षकात ई-जे-के-बी-एच अशी पाच अक्षरं दिसली आणि ट्यूब पेटली. कृतिदेव! युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसण्याची सोय, रुळण्याआधीचा फॉन्ट. त्यात ई दाबला की म उमटतो, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. मराठी. फॉन्ट नसला की उरतात फक्त ती इंग्रजी अक्षरं. बाबा जिल्हा परिषदेत मराठी टायपिस्ट होते. बोटांना टाइपरायटरच्या जागा पाठ, त्यामुळे युनिकोडकडे ते फिरकलेच नाहीत.

जुन्या मशीनच्या फॉन्ट्सच्या फोल्डरातून कृतिदेव उचलला, नव्यावर चढवला, आणि खिचडीची पत्रं झाली. बहुतेक सगळी सोसायटीच्या सेक्रेटरींना. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, पुन्हा टाकी. एकदाही 'स.न.वि.वि.' चुकवलेलं नाही.

भाच्याने रात्री डिस्क पुसायला लावली. तोवर मी जुना टूथब्रश घेऊन कीबोर्ड साफ करायला बसले. शेव, केस, खोबऱ्याचा एक कीस. पुसता पुसता लक्षात आलं, के पार गुळगुळीत झालाय, नावालाही रेघ नाही. जे अर्धा. इंग्रजीत के असा किती लागतो? पण मराठीत काना टाळून दोन ओळी लिहून दाखवा. 'पाण्याची टाकी' एवढ्यातच तीन.

दुसऱ्या दिवशी मावशी लेकीला घेऊन आल्या. तिने लॅपटॉप उघडला आणि स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं. मधेच थांबली.

"ताई, यात के कुठंय?"

"जे आणि एलच्या मधे बघ," मी म्हटलं. "कोरा दिसतोय तो."