दोन ओळींच्या चिठ्ठीसाठी तीन मंगळवार

गणेश चवथीच्या आदल्या संध्याकाळी गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना स्टूल सरकलं आणि मी उजव्या कोपरावर आपटले. कोपराचं टोक तुटून वर सरकलं होतं. दंडामागचा स्नायू त्याच तुकड्याला ओढतो, त्यामुळे हात सरळ करता येईना. दोन पिना आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तार घालून हाड जोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड होतं, पैशांची चिंता पडली नाही.

माझा राग आहे तो त्यापुढच्या दिवसांवर. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "आता व्यायाम सुरू करा." कागदावर लिहायचं मात्र राहिलं. फिजिओथेरपीच्या खिडकीवर एकच उत्तर, "चिठ्ठी आणा." चिठ्ठी देणारे डॉक्टर फक्त मंगळवारी. पहिल्या मंगळवारी ते ऑपरेशन थिएटरमध्ये, दुसऱ्या मंगळवारी रजेवर. डिचोलीहून दोन बस बदलून, गळ्यात हात अडकवून जायचं आणि दुपारपर्यंत बाकावर बसून परत यायचं. तिसऱ्या मंगळवारी चिठ्ठी मिळाली. दोन ओळी, लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही! त्यावर तारीख पडली आठवड्यानंतरची.

तोवर कोपर आखडून गेलं होतं. फिजिओच्या मॅडमनी कोन मोजला, ५५ ते ९५ अंश. पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य; माझा ५५ च्या अलीकडे सरळ होईना आणि ९५ च्या पलीकडे वाकेना. रोजच्या कामांना साधारण ३० ते १३० लागतात. घास तोंडापर्यंत पोचत नव्हता, वेणी मुलगी घालून द्यायची. तो आकडा ऐकून मला तिथेच रडू आलं.

म्हणून कळकळीनं सांगते, व्यायाम कधी आणि किती करायचा ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय खाट सोडू नका. शेजारणीचं ऐकून तेल लावून जोरात चोळून घेऊ नका, त्यानं सांध्याभोवती नको तिथे हाड धरू शकतं. खांद्याचं गणित वेगळं, तिथे स्नायू शिवला असेल तर बहुधा चार ते सहा आठवडे हात पट्ट्यातच ठेवतात. आणि हो, योजनेच्या कार्डाची मुदत आधीच बघून ठेवा.

पाच महिने रोज तीन वेळा व्यायाम केला, एक दिवस चुकवला नाही. आज कोन २५ ते १२५ आहे. टेबलावर कोपर टेकलं की पिना टोचतात, त्या हाड पक्कं जुळल्यावर काढता येतील. गेल्या रविवारी विळीवर बसून अख्खा नारळ एकटीनं खोवला.