फिट असल्याचा कागद

“लपवायचं काय त्यात? आजार तो आजार,” हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटच्या खिडकीतले क्लार्क म्हणाले. तत्त्व म्हणून शंभर टक्के बरोबर, भिंतीवर पोस्टर लावावं इतकं. फक्त ज्या कागदाबद्दल ते बोलत होते त्यावर माझं नाव होतं, माझा फोटो होता आणि खाली ठसठशीत अक्षरात ‘कॅनॅबिस इंड्यूस्ड सायकोसिस’ लिहिलेलं होतं, म्हणजे गांजामुळे झालेला संशयाचा, भ्रमाचा आजार. आणि तो कागद माझ्या ऑफिसात जाणार होता.

खरं तर आजाराबद्दल लिहायला बसलो होतो. पण डोक्यात अजून ती खिडकीच आहे, त्यामुळे आधीचं भरभर सांगतो.

मी 26 वर्षांचा, भांडुपला आईबाबांबरोबर राहतो, नोकरी मालाडला, बॅक ऑफिसची. गांजा कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सुरू झाला. आधी शनिवारी, मग लॉकडाऊनमध्ये रोज, आणि शेवटच्या वर्षात सकाळी ट्रेन पकडायच्या आधीही एक. “झाडपाला आहे रे, दारूपेक्षा बरा,” हे आम्ही एकमेकांना सांगायचो, आणि सांगणाऱ्यात मी पुढे असायचो. नंतर नंतर जो माल मिळायचा तो कडक होता. दोन झुरक्यांत हातपाय गार पडायचे.

संशय आधी फक्त नशेतच यायचा. लोकलमध्ये समोरचा माणूस फोन उभा धरून बसला की वाटायचं, आपलं शूटिंग चाललंय. उतरली की स्वतःचंच हसू यायचं. मग एक दिवस उतरलीच नाही. शेजारचे काका मी बाथरूमला गेलो की दोनदा खोकायचे, तो कोणाला तरी इशारा होता. सोसायटीने जिन्यात कॅमेरा लावला तो माझ्यासाठी. माल मी सोडला, पण शहाणपण सुचलं म्हणून नाही. पोलिसांनी त्यात काहीतरी मिसळलंय अशी माझी खात्री पटली होती म्हणून. सोडल्यावर झोप गेली, रात्री घामाने बनियन भिजायचं, डोळा लागलाच तर सिनेमासारखी लांबलचक स्वप्नं पडायची. हे सोडल्यावर बऱ्याच जणांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, असं नंतर कळलं. तेव्हा वाटलं, विष भिनतंय.

घरच्यांना कळलं ते तांदळाच्या डब्यामुळे. आईने दुपारी भात लावायला डब्यात भांडं घातलं आणि आतून फोन वाजायला लागला. मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळात तळाशी पुरला होता, आवाज रेकॉर्ड होऊ नये म्हणून. आईने तो काढला, पदराला पुसला, कट केला आणि माझ्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. तांदूळ निवडायला घेतले आणि ताईला फोन लावला, तोसुद्धा माझ्यासमोर, मुद्दाम मोठ्याने, म्हणजे मला वाटू नये की मागून काही चाललंय.

ताईने त्या रात्री 14416 ला फोन केला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिकडून त्यांनी वाट न बघता मानसोपचार ओपीडी गाठायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. केस पेपर, रांग, डॉक्टर. ते सगळं नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

एका ठिकाणी मी स्वतःच घोळ घातला. डॉक्टरांनी विचारलं, “काही व्यसन?” मी म्हटलं, “नाही.” बाबा बाजूलाच उभे होते, आणि मला वाटलं हे लिहिलं की सरळ चौकीत जाणार. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि पेन खाली ठेवलं. “मी पोलीस नाही. कधीपासून आणि किती, एवढं खरं सांग. त्यावरून पुढचं ठरतं.” सांगितलं.

ज्यांना हीच भीती आहे त्यांच्यासाठी लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, त्यातलं कलम 23 म्हणजे तुमच्या आजाराची आणि उपचारांची गुप्तता हा तुमचा हक्क. दुसऱ्या बाजूने 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा ओढणं हा गुन्हाच आहे, त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही. पण त्याच कायद्यात कलम 64अ आहे. गुन्हा सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर मात्र ते संरक्षण जाऊ शकतं. भांगेचं विचाराल तर झाडाची नुसती पानं आणि बिया त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून ती वेगळी. पण चढवणारा टीएचसी भांगेतही असतोच. होळीला “भांग तर चालते ना?” असं मी डॉक्टरांना विचारून पाहिलंय. त्यांनी फक्त भुवया वर केल्या.

त्यांनी समजावलं ते असं: गांजाच्या नशेत संशय अनेकांना येतो आणि काही तासांत जातो. माझं शेवटचं ओढून नऊ दिवस झाले होते आणि काका अजून इशारे करत होते, म्हणून हे नुसतं ‘चढणं’ नव्हे. घरात कोणाला असं काही होतं का, हेही विचारलं. बाबांनी बऱ्याच वेळाने मालवणच्या थोरल्या काकांचं नाव काढलं, जे आमच्याकडे नेहमी ‘जरा फिरलेले’ एवढ्यावरच संपायचे. अशा घरात हा धोका जास्त असतो म्हणे, आणि रोज ओढणाऱ्याला, कडक माल ओढणाऱ्याला आणखी जास्त. गांजामुळेच झालंय की मुळात वेगळा आजार आहे, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. बंद करून महिना उलटला तरी टिकलं तर वेगळा विचार करावा लागतो. माझं तिसऱ्या आठवड्यात विरायला लागलं. शेजारचे काका खोकतात कारण त्यांना दमा आहे.

गोळी रात्रीची, ओलान्झापिन. झोप आली, भूक तर अशी आली की दोन महिन्यांत 61 चा 68 किलो झालो. मनाने बंद करावी असं रोज वाटायचं. केली नाही, कारण गोळ्या ताईच्या ताब्यात होत्या.

आता खिडकी.

26 दिवसांच्या रजेनंतर एचआरचा मेल आला: सरकारी किंवा महापालिका हॉस्पिटलचं फिटनेस सर्टिफिकेट आणा, निदान स्पष्ट नमूद असलेलं. मी बुधवारी गेलो. तासभर रांगेत उभा राहिल्यावर कळलं की माझं युनिट, म्हणजे मला बघणारी डॉक्टरांची टीम, मंगळवारचं. बुधवारचे डॉक्टर मंगळवारच्या पेशंटच्या कागदावर सही करत नाहीत. केस पेपरवर कोपऱ्यात युनिट लिहिलेलं असतं. ते बघा, रजा टाकण्याआधी बघा.

मंगळवारी बाबा बरोबर आले. बाबा बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, कागद आणि खिडकी म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. साडेसातला आम्ही रांगेत. मला बघणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांची पोस्टिंग बदललेली. नवीन डॉक्टरसमोर साठ माणसं. त्यांनी केस पेपर उघडला, त्यावरचं निदान जसंच्या तसं सर्टिफिकेटवर उतरवलं, खाली ‘फिट टू जॉईन’ लिहून सही ठोकली. खिडकीवर रजिस्टरमध्ये नंबर पडला. मी औषधांच्या रांगेत होतो. परत आलो तर बाबा गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून हसत येताना दिसले. हातात सर्टिफिकेट, लॅमिनेट केलेलं. “पावसाचे दिवस आहेत,” म्हणाले.

ट्रेनमध्ये बसल्यावर मी ते वाचलं.

घरी कोणाला काय सांगू कळेना. मी म्हणणार, ऑफिसातले हे वाचतील, आपापसात फिरवतील, पुढच्या वेळी काही बिनसलं की ‘गांजावाला’ म्हणतील. आणि नेमकं हेच वाक्य मी महिन्यापूर्वी सोसायटीतल्या लोकांबद्दल बोलत होतो, त्याच आवाजात. आई लगेच विचारणार, गोळी घेतलीस का? संशयाचा आजार झालेल्या माणसाची ही एक भानगड आहे. त्यानंतर त्याला कशाचीही शंका आली की समोरचा आधी औषधाचा डबा बघतो. मीसुद्धा स्वतःकडे तसंच बघत होतो. रात्रभर तो मेल काढून वाचला. ‘निदान स्पष्ट नमूद’ हे शब्द खरंच तिथे आहेत ना, की मीच घातले?

शेवटी ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, “हे मला पण आवडलेलं नाही.” एवढंच. त्या रात्री झोप लागली.

तिसरी खेप, मंगळवार. खिडकीवर ते ‘आजार तो आजार’ ऐकलं. मी म्हटलं, साहेब, कामावर रुजू व्हायला योग्य एवढंच लिहून हवंय, आजाराचं नाव नको. ते म्हणाले, “नंबर पडला. बदलायचं तर जुनं जमा करा, रद्दचा शिक्का मारून फाईलला लावतो.” मी पिशवीतून जुनं काढून दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, बोटाने टकटक केलं.

“हे असं? यावर शिक्का कसा बसणार?”

बसणार नव्हताच. प्लास्टिकवरून शाई घसरते. त्यांनी खरंच एकदा मारून दाखवला आणि अंगठ्याने पुसून दाखवला. मागे रांग कुजबुजत होती, बाबा पंखा बघत होते. मग कोऱ्या कागदावर अर्ज, त्यावर युनिटच्या मोठ्या मॅडमचा शेरा, मग नवीन सर्टिफिकेट, असं ठरलं. मॅडम राउंडला होत्या. दोन वाजेपर्यंत थांबलो. राउंडवरून त्या परस्पर लेक्चरला गेल्या.

चौथी खेप, मंगळवार. मॅडम परीक्षक म्हणून बाहेरगावी. वर्गात मुलं कशी पास होतात याच्याशी माझी नोकरी जोडलेली आहे हे मला त्या दिवशी कळलं. एचआरला आणखी एक आठवडा मागितला, बिनपगारी.

पाचव्या खेपेला मॅडम भेटल्या. मी अर्ज ठेवला, मेल दाखवला आणि कसा कोण जाणे, मनातलंही बोललो: मॅडम, हा संशय पण आजारातलाच आहे का? त्यांनी मेल वाचला. म्हणाल्या, “काकांचा खोकला दाखवायला तुझ्याकडे काही नव्हतं. हे लेखी आहे. असं काही वाटलं की आधी बघायचं, दुसऱ्याला दाखवता येतंय का.” मग स्वतःच्या हाताने लिहिलं: या विभागात उपचार घेतले, प्रकृती स्थिर, अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य. आजाराचं नाव मालकाला सांगायची गरज नाही, पुन्हा विचारलंच तर माझ्याकडे पाठव, असंही म्हणाल्या. हेच पहिल्या मंगळवारी तोंडाने सांगून मागितलं असतं तर पुढच्या तिन्ही खेपा वाचल्या असत्या. तर तुम्ही डॉक्टर लिहायला घेण्याआधी सांगा. नंबर पडल्यावर नाही.

खिडकीवर परत तेच क्लार्क. फोटो चिकटवायचा होता आणि गोंद नव्हता. गोंद घेऊन जा. बाबा धावत जाऊन पाच रुपयांची बाटली घेऊन आले. मग रकाना आला, ओळखीची खूण. “डाव्या कानामागे तीळ,” मी सांगितलं. ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकले, माझा कान दुमडला आणि निवांत बघत बसले. महिन्यापूर्वी कोणी माझ्या मानेकडे नुसतं बघितलं असतं तरी मी स्टेशनवरून पळत सुटलो असतो. आता उभा राहिलो, मागे चाळीस माणसं बघत असताना. “आहे,” ते म्हणाले आणि शिक्का मारला, अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर.

ऑफिसात एचआरच्या मुलीने सर्टिफिकेट हातात घेतलं, तारीख बघितली, स्कॅन केलं, परत दिलं. “आता बरं ना?” म्हणाली. निदानाचं विचारलंच नाही. वर लेटरहेडवर ‘मानसोपचार विभाग’ असं ठळक छापलेलं आहे हे माझ्या लक्षात लिफ्टमध्ये आलं. तिने वाचलं असेल, नसेल. मी शोधत बसलो नाही. लघवीच्या तपासणीची मला धास्ती होती, कारण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यावरही काही आठवडे सापडतं. तीही कोणी मागितली नाही.

गोळी अजून चालू आहे, आता निम्मी. फॉलोअपला अजूनही मंगळवारीच जातो.

जुनं सर्टिफिकेट खिडकीने शेवटपर्यंत घेतलं नाही, रद्दचा शिक्का बसत नाही म्हणून. ते बाबांच्या कपाटात आहे, पेन्शनच्या कागदांखाली. फाडून टाका म्हणून मी दोनदा मागे लागलो. बाबा म्हणतात, नंबर पडलेला कागद फाडायचा नसतो. तसंही लॅमिनेट केलेलं हाताने फाटत नाही, मी करून बघितलंय.