आधी डिस्क बघा, लिव्हर नंतर

माउंटन बाईकच्या ब्रेकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिमानो घेऊ की स्रॅम? मी आधी उलट विचारते, तुझं वजन किती, आणि सलग किती उतार उतरतोस? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मी निवड झालेली असते. कंपनीचं नाव त्यानंतर येतं.

हे मी आमच्या घरातल्या दोन सायकलींवरून सांगते. माझी आणि नवऱ्याची सायकल एकाच मॉडेलची. ब्रेकही तेच, दोन पिस्टनचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने पिस्टन सरकून पॅड डिस्कवर आवळतात), पुढे १८० आणि मागे १६० मिलिमीटरची डिस्क. माझं वजन ५३ किलो, त्याचं ९४. लांब उतार संपला की माझी डिस्क नुसती गरम झालेली असायची. त्याच्या पॅडला मात्र जळका वास यायचा आणि डिस्कवर निळसर झाक चढायची.

यामागचा हिशेब साधा आहे. सायकल १४ किलोची धरली तर नवरा ५०० मीटर खाली येताना साधारण ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर गार पाण्याला उकळी येईल. माझ्या बाबतीत जेमतेम एक लिटरला. वेगात सरळ उतरलं तर यातला बराच वाटा वारा खातो. पण दगडगोट्यांच्या, वळणावळणांच्या वाटेवर जवळजवळ सगळा भार त्या दोन पातळ चकत्यांवर पडतो.

तापलेला ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. लिव्हर नेहमीसारखा घट्ट लागतोय पण सायकल थांबत नाही, म्हणजे पॅडची पकड गेली. लिव्हर मऊ पडून हँडलपर्यंत यायला लागला, तर आतलं तेल उकळलंय किंवा नळीत हवा शिरलीय. पहिल्यावर इलाज मोठी डिस्क किंवा वेगळे पॅड, दुसऱ्यावर आधी ब्लीडिंग, म्हणजे जुनं तेल आणि हवा काढून नवं तेल भरणं. नवऱ्याचा त्रास पहिल्या प्रकारचा होता, त्यामुळे ब्रेक न बदलता आम्ही डिस्क बदलल्या: पुढे २०३, मागे १८०. उतारावर वजन पुढे झुकतं, म्हणून मोठी डिस्क पुढे. १६० वरून २०३ वर गेलं तर बोटाच्या तेवढ्याच जोरात २७ टक्के जास्त रोधबल मिळतं, १८० वरून गेलं तर १३ टक्क्यांच्या आसपास. शिवाय धातू वाढल्यामुळे डिस्क तापते उशिरा आणि निवते लवकर. लागतं काय, तर डिस्क आणि कॅलिपर (पॅड-पिस्टन धरणारा भाग) उचलून धरणारा अडॅप्टर. फोर्कला आणि फ्रेमला जास्तीत जास्त किती मोठी डिस्क चालते ते मात्र आधी बघायचंच. डिस्क चाकाच्या हबवर सहा बोल्टने बसते की सेंटरलॉकने, म्हणजे मधल्या एकाच रिंगने, तेही.

पॅडकडे तर लोक ढुंकूनही बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. रेझिनचे पॅड शांत असतात, पहिल्या दाबाला धरतात, पण चिखलपाण्यात झपाट्याने झिजतात आणि फार तापले की ढेपाळतात. सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड भाजून केलेले, उष्णता सोसतात आणि जास्त टिकतात. आवाज करतात, आणि गार असताना थोडे आळशी वाटतात. स्वस्तातल्या काही डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. तिथे सिंटर्ड लावले तर डिस्कच खरवडली जाते.

नवे पॅड बसवून थेट डोंगरावर जाऊ नका. सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, एकसारखा दाब देत चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायच्या आत लिव्हर सोडायचा. असं वीसेक वेळा, मग जरा जास्त वेगातून आणखी दहा वेळा, दोन्ही ब्रेकना वेगवेगळं. यात पॅडच्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. ब्रेक दाबून धरून थांबलात तर त्या जागी जाड ठिगळ चिकटतं आणि पुढे दर फेरीला लिव्हरमध्ये धडधड जाणवते.

तेलाबद्दल थोडक्यात. शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइलवर चालतात, होप आणि हेज डॉट फ्लुइडवर. स्रॅममध्ये दोन्ही आहेत: 'कोड' हे मॉडेल डॉटवर, २०२४ मध्ये आलेलं 'मेव्हन' मिनरलवर. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २६० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग मर्यादा १८० वर येते. म्हणून ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं. मिनरल ऑइल ओलावा शोषत नाही, पण आत गेलेलं पाणी तसंच वेगळं राहून खाली कॅलिपरशी साचू शकतं, नेमकं सगळ्यात गरम जागी. एकाच्या जागी दुसरं कधीही भरू नका, रबरी सील फुगून वाया जातात.

आता लिव्हर. माझी बोटं आखूड आहेत, त्यामुळे माझ्यासाठी ही बाब मोठी आहे. एका तर्जनीने, लिव्हरच्या टोकाला धरून, मनगट न वाकवता ब्रेक लागला पाहिजे. शिमानोच्या लिव्हरमधल्या 'सर्व्हो वेव्ह' रचनेत पॅड आधी भरकन डिस्कपाशी येतात आणि मग जोर एकदम वाढतो. स्रॅमच्या कोडमध्ये जोर हळूहळू चढतो. ओल्या मुळांवर मला तो चढता जोर जास्त भरवशाचा वाटतो. नवऱ्याला शिमानोचा झटकाच आवडतो. शिमानोतच घ्यायचं असेल तर चार पिस्टनचा डिओर बहुतेकांना पुरतो. त्याच्या वरच्या एसएलएक्स मॉडेलमध्ये लिव्हरचं हँडलपासूनचं अंतर हाताने फिरवता येतं, डिओरला अॅलन की लागते, इतकाच रोज जाणवणारा फरक. चार पिस्टन मात्र वजनदार माणसाने किंवा लांब उतार करणाऱ्याने घ्यावेतच, कारण पॅड मोठा असतो आणि उष्णता वाटली जाते.

केबलचे मेकॅनिकल ब्रेक दूरच्या प्रवासात दुरुस्तीला सोपे. डोंगरउतारासाठी मी ते सुचवत नाही.

दोन ब्रेकची तुलना करायची असेल तर डिस्क एकाच मापाची हवी, पॅड एकाच जातीचे आणि नीट बसलेले हवेत, आणि उतारही एकच हवा. सायकलीच्या दुकानात उभ्या उभ्या लिव्हर दाबून फक्त तुमचं बोट तिथे पोचतं का, एवढंच कळतं.