मीठ गेलं, सोडियम राहिलं

"मॅडम, तुमी सांगितल्यागत पाणी सोडलं. आता रानात पाणी मुरंनाच झालंय."

शिरोळ तालुक्यातल्या आण्णांनी टेबलावर मातीची पिशवी ठेवली आणि एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गेल्या वर्षीच्या त्यांच्या माती परीक्षण अहवालावर सही माझीच होती. तेव्हा रानावर पांढरं मीठ फुटायचं, ऊस पिवळा पडायचा. विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या मिठाचं माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर दिसली आणि मी लिहून दिलं, वाफे बांधून भरपूर पाणी द्या, क्षार धुऊन जातील. मातीच्या कणांना सोडियम किती चिकटलंय, ते मी बघितलंच नव्हतं.

नवी माती त्यांनी सावलीत वाळवून, कुटून आणली होती. तासाभरात दोन आकडे हातात आले. वाहकता ४ च्या बरीच खाली आली होती, म्हणजे धुणं झालं होतं. सामू, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कपणाचं माप, मात्र ९ च्या पुढे. खारवट रान माझ्या सल्ल्यानं चोपण झालं होतं. कणांवरच्या सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण धरतात. तो आकडा यायला वेळ लागणार होता, पण आण्णांना तसंच परत पाठवायला मन होईना.

पाण्याच्या दोन बाटल्या बुडातून कापल्या, उलट्या टांगल्या, तोंडाशी कापूस आणि वाळू घालून वर चार बोटं त्यांचीच माती भरली. एकीत ऊर्ध्वपातित, म्हणजे मीठ नसलेलं पाणी ओतलं, दुसरीत जिप्सम हे कॅल्शियम असलेलं खनिज विरघळवलेलं. आण्णा म्हणाले, "तोवर अंबाबाईला जाऊन येतो."

काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋण भार असतो. क्लोराईड, नायट्रेट यांच्यावरही ऋणच, म्हणून ते कुठं न थांबता पाण्याबरोबर खाली जातात. धन भाराचे सोडियम, कॅल्शियम कणांना धरून बसतात. पाण्यात मीठ भरपूर असतं तोवर कण एकमेकांना चिकटून राहतात. ते मीठ धुतलं गेलं की कणांवरचा सोडियम त्यांना सुटं करतो आणि हे सुटे कण पाण्याच्या वाटा बुजवतात.

पण कणांवर बसलेल्याला दुसरा धन भारवाला उठवून त्याची जागा घेऊ शकतो. ही अदलाबदल पहिल्यांदा नीट पाहिली ती इंग्लंडमध्ये. थॉम्पसन या यॉर्कशायरच्या जमीनदारानं मातीच्या थरातून अमोनियम सल्फेट सोडलं, तर खालून जिप्सम बाहेर आलं. अमोनियम मातीत बसला, कॅल्शियम उठून गेला. १८५० मध्ये हे छापून आलं आणि वे या रसायनतज्ज्ञानं पुढं ते खोलात तपासलं. आम्हाला उलटं हवं होतं, कॅल्शियम बसावा आणि सोडियम उठावा.

दुपारी आण्णा प्रसाद घेऊन आले. पहिल्या बाटलीत गढूळ पाणी तसंच उभं होतं. दुसरीतून थेंब टपकत होते, नितळ. आण्णा वाकले, थेंबाखाली बोट धरलं.

"आण्णा, चूक माझी झाली. सोडियम तपासल्याशिवाय धुवायला सांगायला नको होतं."

त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "मग ह्यो सुटलेला सोडियम जायचा कुठं?"

नेमका प्रश्न होता. जिप्सम कितीही टाका, लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळतं, म्हणजे काम सावकाशच होणार. आणि खाली निचरा नसेल तर सोडियम तिथंच घुटमळतो, उन्हाळ्यात पुन्हा वर चढतो. आधी चर, मग जिप्सम, मग पाणी. आण्णांचं रान खोलगट. चर काढायचा तर तो भावकीच्या रानातून ओढ्याला न्यावा लागणार, आणि बांधावरून त्यांचं बोलणं बंद.

निघताना त्यांनी दोन्ही बाटल्या मागितल्या. मी टोपणं लावून, पेपरात गुंडाळून दिल्या.

"थोरल्याला दावतो," म्हणाले. "त्याचं बी रान माझ्या खालीच हाय."